मोटारीच्या पाट्याचे माप

'पाटा' या विषयावर बोलणार असे आम्ही कळविले, तेव्हा व्याख्यानमालेच्या एका उत्साही कार्यकर्त्याने, "पाटा-वरवंट्यावर का?" असे विचारले. त्यात त्यांचा दोष नाही. आमचा पाटा मोटारीचा. चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकविलेल्या पोलादी पट्ट्यांचा जो जुडगा असतो, त्याला आमच्या यवतमाळच्या गॅरेजात पाटे म्हणतात. कुणी कमानपाटा म्हणतात, हिंदी बोलणारे मिस्त्री कमानी म्हणतात. सर्वांत वरचा, दोन्ही टोकांना डोळे वळविलेला तो मेन पाटा. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे बाकीचे. मधोमध सेंटर बोल्ट आणि दोन्ही अंगांनी आवळणारे यू बोल्ट. एवढीच ती वस्तू. पण या वस्तूच्या मापावरून एकदा सात माणसांच्या पगाराचा प्रश्न सुटला, म्हणून तिच्याविषयी बोलावेसे वाटले.

खासरात बसून ज्यांनी शेतावरच्या वाटेने प्रवास केला आहे, त्यांना पाट्याची थोरवी सांगावी लागत नाही. बैलगाडीला पाटा नाही. चाक चाकोरीत आदळले की धक्का आसातून साटीत, साटीतून थेट माणसाच्या मणक्यात. टांग्याला पाटे होते, म्हणून टांगा हे बसण्याचे वाहन झाले. लंडनच्या ओबादाया इलियटने १८०४ साली घोडागाडीसाठी लांबट अंडाकृती पाट्याची जोडणी केली, आणि पुढे शंभर वर्षांनी मोटारी आल्या तेव्हा मोटार करणाऱ्यांनी बग्गी करणाऱ्यांचाच पाटा उचलला. इंजिन नवे होते. गाडीचे गुडघे जुनेच होते.

आमच्या जिल्ह्यात या गुडघ्यांना काम फार. यवतमाळ गावाला मूर्तिजापूरची अडीच फुटी रेल्वे मिळाली, पण विसाव्या शतकात मोठ्या रुळांची गाडी काही आली नाही. दारव्हा सोडले तर पुसद, उमरखेड, पांढरकवडा या दिशांना जायचे म्हणजे सर्व्हिस मोटार. खाली काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि मधल्या दिवसांत उघडी पडलेली खडी. अशा रस्त्यावर गाडीचे इंजिन सुस्थितीत आणि पाटा तुटलेला, हे दृश्य नित्याचे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे एक गॅरेज, आणि तिथले उस्ताद. उस्तादांनी १९३५ च्या सुमारास पोरवयात टांग्याचे पाटे बसविण्यापासून सुरुवात केली होती आणि फोर्ड, शेव्हरोलेट अशा जुन्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. या गाड्या इकडे कशा आल्या तेही सांगण्यासारखे आहे. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली. इंग्रजी साम्राज्यातल्या देशांना, म्हणजे आपल्यालाही, ती कॅनडाच्या कारखान्यातून येई. शेव्हरोलेटची जुळणी तर १९२८ पासून मुंबईत शिवडीलाच होऊ लागली. त्या काळी वऱ्हाडात कापसाचा पैसा होता.

१९८७ साली आमच्या गॅरेजात एका जुन्या जिनवाल्या घराण्याची मॉडेल टी आली. कित्येक वर्षे ती गोठ्यात उभी होती. तिचा मागचा पाटा पाहून आम्ही चक्रावलो. इतर गाड्यांचे पाटे गाडीच्या लांबीत, प्रत्येक चाकाजवळ एक. फोर्डचा पाटा आडवा: मागे एक आणि पुढे एक, आसाला समांतर, उंच कमानीसारखा. कमानीचा माथा सांगाड्याला आवळलेला, दोन टोके आसाच्या दोन टोकांशी लोंबत्या कड्यांनी, म्हणजे शॅकलांनी, जोडलेली. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असले तरी आस तिरपा होई, सांगाडा पिळला जात नसे. खेड्यातल्या रस्त्यासाठी ही युक्ती चांगली होती, जरी वळणावर गाडी डुले. पाट्याला त्या कंपनीने व्हॅनेडियम घातलेले पोलाद वापरले होते, आणि साठ वर्षांनीही त्यातले बहुतेक पाटे शाबूत होते. दोनच तुटले होते.

मालक म्हणाले, "दुसरे कापून घाला." उस्ताद म्हणाले, "आधी मोजू." आम्हाला वाटले, लांबी-रुंदी मोजायची असेल.

इथे जरा थांबून मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज संशोधकाने १६७६ साली एक शोध अक्षरांचे कोडे करून छापला आणि १६७८ साली तो उलगडून सांगितला. आपला हक्क राहावा आणि दुसऱ्याला कळूही नये, अशी त्याची हिकमत. शोध इतकाच की, स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी तितका तिचा उलट जोर वाढतो. दुप्पट दाबली तर दुप्पट. यावरून कुठल्याही पाट्याला एक आकडा देता येतो: तो एक सेंटिमीटर लवायला किती किलो वजन लागते. याला आम्ही पाट्याचा दर म्हणतो. दर म्हटले की आमच्या धंद्यात मजुरीचा दर आठवतो, पण हा दर कुणी घासाघीस करून कमी होत नाही, हा त्याचा गुण.

हा आकडा काढण्यासाठी उस्तादांनी पाटा गाडीतून सोडविला, पाट्यांमधला गंज घासून साफ केला, पुसटसे ग्रीस दिले आणि हातगाडीवर घालून ओळखीच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात नेला. प्रथम त्यांचा विचार रुईच्या गाठी लादण्याचा होता. आजची गाठ १७० किलोची धरतात. उस्तादांच्या तोंडी मात्र ३९२ पौंडांची गाठ आणि ७८४ पौंडांची खंडी होती. पण गाठीची पायरी फार मोठी. पहिलीला पाटा सहा सेंटिमीटर लवला, दुसरीला आणखी तितकाच, आणि मधले काहीच कळेना. मग त्यांनी दुसरी तजवीज केली. तिथल्या पाचशे किलोच्या काट्यावर पाटा ठेवला. टोकांखाली लोखंडी पट्ट्या आणि त्यांखाली नळीचे दोन तुकडे, कारण पाटा दाबला की सपाट होतो, सपाट झाला की लांबतो. टोके मोकळी सरकली नाहीत तर पाटा आहे त्याहून कडक भासतो. काट्याचा धडा करून पाट्याचे स्वतःचे वजन वगळले. माथ्यावर लाकडी ठोकळा, त्यावर स्क्रूचा जॅक, आणि जॅकचे डोके वर गाळ्याच्या लोखंडी तुळईला टेकविलेले. जॅक फिरवावा, काट्यावर किलो वाचावेत. दोन डोळ्यांमधून दोरा ताणून बांधलेला. दोऱ्यापासून मेन पाट्यापर्यंतची उंची पट्टीने मोजावी. उंची जितकी घटली तितका पाटा लवला. हे काम करताना पाट्याच्या टोकासमोर कुणाला उभे राहू द्यायचे नाही, हा उस्तादांचा कडक नियम होता. दाबलेला पाटा निसटला तर पाय राहत नाही.

मापाच्या आधी आणखी एक गोष्ट त्यांनी केली. गाडीत पाट्याला सोसावे लागेल त्याहून जास्त जोराने त्याला तीन-चार वेळा दाबून सोडले. नवा किंवा नव्याने वाकविलेला पाटा पहिल्या काही दाबांत थोडा बसतो. ते बसणे इथेच उरकून घ्यायचे, नाहीतर आज मोजलेली उंची उद्या खोटी ठरते.

आता आकडे. पुढे सरावासाठी आम्ही एक साधा लांबट पाटा असाच मोजला, त्याचे देतो. १०० किलोला तो ३.२ सेंटिमीटर लवला, २०० ला ६.८, ३०० ला १०.४. मग जॅक उलटा फिरवीत उतरलो, तर २०० ला ७.५, १०० ला ३.९, आणि सर्व भार काढल्यावरही ०.४ उरले. आम्ही म्हणालो, पाटा बसला. उस्तादांनी लाकडी मोगरी घेऊन पाट्याला दोन टोले दिले, आणि तो ०.४ चा फरक नाहीसा झाला. पाटा बसला नव्हता. पाट्यावर पाटा घासतो, त्या घर्षणाने अडकून राहिला होता. चढताना घर्षण भाराविरुद्ध उभे राहते, म्हणून पाटा कमी लवतो. उतरताना ते पाट्याला परत येऊ देत नाही, म्हणून जास्त लवलेला दिसतो. खरा आकडा दोहोंच्या मध्ये: १०० किलोला ३.५५, २०० ला ७.१५. फरक ३.६. शंभराला ३.६ ने भागले की सेंटिमीटरला सुमारे २८ किलो. जो फक्त चढतीचे माप घेतो आणि उतरतीचे घेत नाही, त्याने अर्धेच मोजले असे समजावे. आणि हे घर्षण म्हणजे केवळ उपद्रव नव्हे. धक्का शोषणारे शॉक-अॅब्सॉर्बर ज्या गाड्यांना नव्हते, त्यांचे डुलणे थांबविण्याचे काम हेच घर्षण करी. पाट्यांत फार ग्रीस भरले तर जुनी गाडी होडीसारखी डुलू लागते, ते यामुळे.

हाच २८ चा आकडा काटा न वापरता, केवळ पट्टीने मोजूनही काढता येतो, हे आम्हाला पुढे वाचनालयातल्या एका यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडले. ते समजायला आम्हाला दोन महिने लागले, कारण घन म्हणजे काय हेच आधी शिकावे लागले. हिशोब असा: पाट्यांची संख्या, रुंदी, जाडीचा घन आणि ८ यांचा गुणाकार करा, त्याला पोलादाच्या २१ लाख या आकड्याने गुणा, मग दोन डोळ्यांमधल्या लांबीच्या घनाच्या तिपटीने भागा. मापे सेंटिमीटरमध्ये. आमच्या पाट्याची लांबी १२०, रुंदी ५, जाडी ०.६, पाटे ८; उत्तर बरोबर २८ येते. प्रत्यक्षात यू बोल्टांनी आवळलेला मधला भाग लवत नाही, म्हणून गाडीत दर थोडा वाढतो; पण अंदाजाला हे पुरते.

या हिशोबातली खरी मेख त्या घनात आहे. ८ ऐवजी ९ पाटे घातले तर दर २८ चा साडेएकतीस होतो, वाढ बेताची. पण पाटे ८ च ठेवून जाडी ६ मिलिमीटरची ७ केली तर दर ४४ च्या वर जातो. एक मिलिमीटर! बोटाला जाणवणार नाही एवढा फरक, आणि पाटा दीडपटीहून कडक. उलट गंजाने अर्धा मिलिमीटर खाल्ला तर २८ चे साडेएकवीस उरतात. लांबीचेही तसेच, मात्र उलट दिशेने: १२० चा पाटा ११० वर आणला की दर छत्तिसाच्या वर. म्हणून डोळा तुटलेला मेन पाटा जरा आखूड करून पुन्हा डोळा वळवणे, ही काटकसर दिसते तितकी निरुपद्रवी नाही.

आणि हिशोबात पोलादाचा आकडा एकच आहे, याकडे लक्ष द्यावे. आमच्या गॅरेजातच नव्हे तर सगळीकडे एक समज आहे की पाट्याला पाणी दिले, म्हणजे तापवून तेलात वा पाण्यात बुडविले, की तो 'कडक' होतो आणि गाडी उंच उभी राहते. हे खरे नाही. मऊ पोलाद आणि पाणी दिलेले पोलाद सारख्याच भाराला सारखेच लवतात. फरक पडतो तो पुढे: मऊ पाटा थोड्या भारानंतर लवलेलाच राहतो, पाणी दिलेला परत येतो. पाणी देण्याने पाट्याचा दर बदलत नाही, त्याची सहनशक्ती बदलते. हे सांगितल्यावर आमच्याशी वाद घालणारे मिस्त्री आम्हाला आजही भेटतात. आम्ही त्यांना काट्यावर या म्हणतो.

दर कळला, पण तो किती असावा? त्यासाठी आधी पाट्यावर येणारा भार हवा. तो धर्मकाट्यावर मिळतो. गाडीची फक्त मागची चाके काट्यावर उभी करा, वजन घ्या. त्यातून चाके, आस वगैरे पाट्याच्या खालच्या वस्तूंचे वजन वजा करा. उरलेल्याचे निम्मे एका पाट्यावर. फोर्डचा पाटा आडवा आणि एकटा, म्हणून तिथे निम्मे करायचे नाही. ही चूक आम्ही केली होती आणि उस्तादांची शिवी खाल्ली होती.

समजा आमच्या २८ च्या पाट्यावर २५२ किलो आले. तो ९ सेंटिमीटर लवून उभा राहील. आता ३०० ला ९ च्या वर्गमुळाने, म्हणजे ३ ने, भागा: १००. गाडी धक्क्यानंतर मिनिटाला शंभर वेळा खालीवर होईल. १६ सेंटिमीटर लवणारा पाटा पंचाहत्तर वेळा, ४ सेंटिमीटर लवणारा दीडशे वेळा. माणूस चालतो तेव्हा मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो, आणि दर पावलाला त्याचे डोके जरा खालीवर होते. त्या चालीशी जुळणारे डुलणे आपल्याला सुखाचे वाटते. दीडशे म्हणजे दात वाजू लागतात. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक यांतला फरक ज्यांना माहीत आहे त्यांना हे गणित अंगाने ठाऊक आहे. ट्रकचा पाटा भरलेल्या भारासाठी असतो. रिकामा असताना तो लवतच नाही.

फोर्डचे झाले ते असे: तुटलेल्या दोन पाट्यांच्या जाडीचेच पोलाद मिळवायला उस्तादांनी नागपूरला तीन खेपा घातल्या. मालक कंटाळले, पण गाडी चालू झाली.

आता त्या सात पगारांविषयी. १९९९ साली वणी भागात कोळशाच्या फेऱ्या करणाऱ्या एका ट्रकमालकाच्या ड्रायव्हरांनी आमच्याकडे तक्रार आणली. पाटा तुटला की त्याची किंमत ड्रायव्हरच्या पगारातून कापली जाई. "तू खड्ड्यात घातलीस" एवढेच कारण. त्या वेळच्या १९३६ च्या वेतनविषयक कायद्याप्रमाणे कामगाराची कसूर दाखविल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय अशी कपात करता येत नव्हती. पण कसूर नव्हती हे दाखवायचे कसे? खड्डे तर होतेच.

आम्ही सरळ आरोप केला की मालक कच्च्या पोलादाचे पाटे वापरतो. सभेत टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी तुटलेले तुकडे घेऊन उस्तादांकडे गेलो. तेव्हा ते ऐंशीचे होते आणि नजर अधू झाली होती. त्यांनी तुकड्याच्या कडेवर कानस ओढली, आणि कानस घसरली. "पोलाद चांगलं आहे. पाणीही चांगलं दिलंय. तू हरशील," ते म्हणाले. मग तुकड्याच्या जाडीवरून अंगठा फिरवीत राहिले. "याचे भाऊ कुठे आहेत?"

भाऊ म्हणजे त्याच जुडग्यातले बाकीचे पाटे. ते १० मिलिमीटरचे होते. तुटलेला १३ चा. सातपैकी पाच ट्रकांत तेच. एक पाटा गेला की मालकाचे वर्कशॉप त्या जागी जाड पाटा घाली, म्हणजे 'पुन्हा तुटायला नको'. एकत्र आवळलेले पाटे सारखेच वाकतात. सारख्या वाकण्यात जाड पाट्याच्या कातडीला ताण जास्त: १३ ला १० च्या मानाने तीस टक्के जास्त. आणि घनाच्या नियमाने भारही तो शेजाऱ्याच्या दुपटीहून अधिक उचलतो. सगळ्यांत मजबूत म्हणून घातलेला पाटा सगळ्यांत आधी जातो.

आम्ही आरोप मागे घेतला. हे सोपे नव्हते. टाळ्या वाजविणाऱ्यांना तोंड द्यावे लागले. मग कामगार अधिकाऱ्यांसमोर एकाच ट्रकचे डावे-उजवे जुडगे काट्यावर दाबून दाखविले. ४०० किलोला अस्सल जुडगा २.८ सेंटिमीटर लवला, जाड पाटा घातलेला २.५. म्हणजे एकीकडे सेंटिमीटरला १४३, दुसरीकडे १६०. शिवाय तुटलेले तोंड दाखविले. त्याचा अर्धा भाग काळपट, गुळगुळीत आणि गंजलेला होता, उरलेला दाणेदार आणि चमकता. काळा भाग म्हणजे आठवड्यांपासून हळूहळू वाढत आलेली भेग. चमकता भाग म्हणजे शेवटच्या दिवशी तुटला तो. एका खड्ड्याने तुटलेल्या पाट्याचे तोंड सगळे एकसारखे चमकते. ज्या ड्रायव्हरचा पगार कापला, त्याच्या पाळीआधीच ते पोलाद अर्धे तुटलेले होते.

मालकाच्या बाजूने एक शहाणा माणूस होता. त्याने तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पुढे काही बोलला नाही. ज्या दोन ट्रकांत जाड पाटा नव्हता, त्यांच्याही तुटल्या तोंडांवर जुनी भेग होती. त्यामुळे सातही जणांची कपात तीन हप्त्यांत परत मिळाली. एक जण तोवर काम सोडून नांदेडकडे गेला होता, त्याचे पैसे मनीऑर्डरने पाठविले. समेटाच्या कागदावर मात्र पाट्याच्या जाडीचा उल्लेख नाही. कपात 'सद्भावनेने' परत केली असे लिहिले आहे. आम्ही त्यावर सही केली. वर्कशॉपात त्यानंतर एक व्हर्निअर आला, आणि तो कपाटात कुलपात न ठेवता फळीवर ठेवायचा, एवढे आम्ही तोंडी कबूल करून घेतले.